शेवटच्या पायरीखाली

"किती पायऱ्या म्हणालास?"

"जुन्यात दोनशे छप्पन्न. नव्यात एक कोटी सदुसष्ट लाख सत्याहत्तर हजार दोनशे सोळा."

"मोजल्यास व्हय सगळ्या?"

"मोजायच्या नसतात, मास्तर. गणित आहे ते. आठ बिट म्हटलं की दोनशे छप्पन्न, आणि चोवीस बिट म्हटलं की..."

"बरं, बरं." दस्तगीर मास्तरांनी कानस खाली ठेवली. "आता हेच मला कळंल असं सांग."

मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत मास्तरांचं दुकान आहे. छताला भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, मधोमध एक सतरंजी. मास्तर तंबोऱ्याची जवारी काढतात. म्हणजे ज्या घोडीवरून तारा जातात ती घासून घासून तारेला बोलतं करतात. पंचाहत्तरी कधीच उलटली आहे. बोलतात कमी, आणि जे बोलतात ते समोरच्याला लगेच कळावं अशी त्यांची फारशी इच्छाही नसते.

समोर बसलेला अकलंक मगदूम त्यांचा शिष्य. शाळेत असताना तीन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या त्याने याच सतरंजीवर तारा चढवण्यात घालवल्या. पुढे तो इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या वाटेला गेला. मास्तरांनी अडवलं नाही. आता त्याचा सांगलीत स्टुडिओ आहे, आणि तीन जिल्ह्यांतले ऑर्केस्ट्रावाले त्याने तयार केलेली सनई, त्याची बासरी आपापल्या कीबोर्डात भरून घेतात. वर्षातून दोनदा तो मिरजेला येई. काहीतरी दाखवायला.

आजही दाखवायलाच आला होता. पण आज त्याला मास्तरांचा होकारही हवा होता.

"तुमच्या दुकानाला रस्त्यावरून चार पायऱ्या आहेत," अकलंक म्हणाला. "दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या अधेमधे कुणाला उभं राहता येतंय का?"

"मांजर राहतंय."

"माणसाला?"

"न्हाई."

"तसंच आहे. आवाज सारखा वर-खाली होत असतो. मशीन एका सेकंदात हजारो वेळा त्याची उंची बघतं आणि त्याला जवळच्या पायरीवर नेऊन उभं करतं. पायऱ्या थोड्या असल्या तर उंच उंच असतात. आवाज गचके खात उतरतो. ती खरखर ऐकू येते. पायऱ्या कोटभर केल्या की गचका लागतच नाही. नुसता उतार."

"मोठ्यांदा वाजवलं तर?"

"तेव्हा फारसं काही कळत नाही. वर जायला भरपूर पायऱ्या असतात. पंचाईत होते ती हळू आवाजाची. हळू आवाज खालच्या दोन-तीन पायऱ्यांवरच घुटमळतो."

"आन् सगळ्यात खालच्या पायरीच्या खाली?"

"शून्य."

"कुणी त्याच्याबी खाली बोललं तर?"

"मशीनच्या लेखी बोललंच नाही."

मास्तरांनी मान डोलावली. पटलं म्हणून की नुसतीच, ते सांगता यायचं नाही.

सतरंजीवर दोन कीबोर्ड होते. एक नवा, काळा, हात लावायला संकोच वाटावा असा. दुसरा जेमतेम वीतभर लांबीचा, पिवळा पडलेला, खेळण्यातला वाटावा असा. त्याच्या दोन पट्ट्या निखळून पुन्हा चिकटवलेल्या होत्या.

पिवळ्याची हकीकत मास्तरांना ठाऊक होती. तरीही अकलंकने ती सांगितली, कारण सांगितल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नव्हतं.

तो सात वर्षांचा असताना मस्कतच्या मामाने तो कीबोर्ड आणला होता. त्याला एक भोक होतं. भोकापाशी काही बोललं की दीड सेकंदाचा आवाज आत राही, आणि मग पट्टी दाबली की तोच आवाज वाजे. अकलंकने कुत्रा भरला, सायकलची घंटा भरली. एका दुपारी धावत स्वयंपाकघरात जाऊन तो आईला म्हणाला, काहीतरी बोल. आई भाकऱ्या करत होती. ती बोलली. त्याच पावसाळ्यात कावीळ झाली आणि आठवड्यात ती गेली.

आईचा दुसरा कुठलाही आवाज घरात नव्हता. फोटो दोन होते. आवाज हा एवढाच.

आता गोम अशी होती की आतला आवाज सेल असेपर्यंतच राहायचा. सेल काढले की पुसला गेला. म्हणून अकलंकचे वडील, अप्पा, दर दिवाळीत सेल बदलत. आधी विजेचा प्लग लावायचा, मग जुने सेल काढायचे, मग नवे घालायचे. त्या दिवसांत लाइट कधी जाईल त्याचा नेम नसे. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरातून कापून अप्पा ते कपाटाच्या दाराला चिकटवत आणि मधली वेळ धरत. तरीही सेल बदलताना त्यांचे हात कापत. पस्तीस वर्षं त्यांनी हे केलं. स्वतः ती पट्टी कधी दाबली नाही, निदान कुणाच्या देखत तरी नाही.

मागच्या दिवाळीनंतर अप्पा गेले. सेल बदलायचं काम अकलंककडे आलं.

"आतल्या पत्र्या गंजल्यात," अकलंक म्हणाला. "एक सेल गळायलाय. आणखी एकदा बदलायला गेलो तर काय होईल सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, अप्पांसारखं दरवर्षी जीव मुठीत धरून बसण्यापेक्षा एकदाच काय ते करू. आवाज नव्यात घेतला. चोवीस बिटमध्ये. खरखर होती ती सगळी धुऊन काढली. आता आई कधीच पुसली जाणार नाही."

"मग माझ्याकडं कशाला आलास?"

अकलंकने नव्या कीबोर्डची वायर उगाच नीट केली.

"ताईला पाठवला होता आवाज. हुबळीला. ती म्हणाली... ही आई नव्हे."

"आन् तू काय म्हणालास?"

"म्हटलं, तुला कान नाही."

मास्तर हसले नाहीत. हसले असते तर अकलंकला बरं वाटलं असतं.

"तुम्ही ऐका," तो म्हणाला. "तुम्ही बरोबर आहे म्हणालात की झालं. इथंच जुन्याचे सेल काढतो आणि मोकळा होतो."

खिशातून त्याने छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि पिवळ्या कीबोर्डशेजारी ठेवला. मागच्या झाकणाचे तीन स्क्रू त्याने घरूनच काढून आणले होते. एकच उरला होता.

"वाजव," मास्तर म्हणाले.

अकलंकने नव्या कीबोर्डची पट्टी दाबली.

बाईचा आवाज आला. स्वच्छ. धुतलेल्या काचेपलीकडून यावा तसा. मागे काही नाही, पुढे काही नाही.

मास्तरांनी डोळे मिटले.

"पुन्हा."

त्याने पुन्हा दाबली.

"काय म्हणती ती?"

"हात भरलेत रे."

"पुन्हा वाजव."

आवाज आला.

"आता सांग, काय म्हणती?"

"सांगितलं की, मास्तर. भाकरीच्या पिठात हात होते तिचे. म्हणून म्हणते, हात भरलेत रे."

"'रे' कुठाय?"

अकलंकने पट्टी दाबली. हात भरलेत. त्याने आवाज मोठा केला आणि पुन्हा दाबली. हात भरलेत. कान स्पीकरला लावला. हात भरलेत... आणि त्यानंतर काहीच नव्हतं. कोटभर पायऱ्यांचा लखलखीत जिना होता आणि खाली कुणी नव्हतं.

पस्तीस वर्षं हे वाक्य त्याला पाठ होतं. मशीन जिथे थांबत होतं तिथून पुढचं तो स्वतःच म्हणत होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. तीन जिल्ह्यांत ज्याच्या कानाचा दाखला देत, त्या माणसाला मनापासून शरम वाटली.

पण इतक्यात हार मानणारा तो नव्हता.

"जुन्यातही नसणार," तो म्हणाला. "शेवटी ती भाकरीकडे वळली असणार, आवाज पडला असणार. आठ बिटमध्ये एवढा हळू आवाज टिकतच नाही. शेवटच्या पायरीच्या खाली गेला."

"तू नव्यात घेतलास तवा पायऱ्या वाढल्या न्हवं?"

"वाढल्या की."

"मग तो वर आला आसंल."

"तसं होत नाही, मास्तर. जुन्यात जेवढं आलं तेवढंच नव्यात येतं. पायऱ्या मागून वाढवल्या म्हणून..." तो थांबला.

"म्हणून काय?"

"म्हणून आवाज वाढत नाही."

"एक कोटी किती म्हणालास?"

अकलंकने हात पट्टीवरून मागे घेतला.

मास्तरांनी भिंतीला टेकवलेला तंबोरा उचलून आडवा मांडीवर घेतला. सकाळपासून ते त्याचीच जवारी काढत होते. एक तार छेडली. तार नुसती वाजून गप्प झाली नाही. गुणगुणत, झणझणत राहिली. एका सुरातून दुसरा निघाला, त्यातून तिसरा. भोपळे टांगले होते तिथवर तो आवाज पोचला, आणि नेमका कधी संपला ते सांगता येईना.

"ही झणझण कशाची?" मास्तरांनी विचारलं.

"जवारीची."

"तुझ्या मशीननं ऐकली तर काय म्हणंल?"

"खरखर म्हणेल."

मास्तर वाकले. घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवलेला असतो. तो त्यांनी दोन बोटांनी धरला, अलगद ओढून काढला आणि सतरंजीवर ठेवला. मग तीच तार छेडली.

टण्ण.

तार वाजली आणि विझली. स्वच्छ होती.

"साफ झाला का आवाज?"

"झाला."

"काय काढलं मी?"

हे सांगायला विचार करावा लागत नाही. या गल्लीत तार चढवायला शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात त्या दोऱ्याचं नाव कळतं. तीन उन्हाळे अकलंकने तोच दोरा शेकडो वेळा लावला होता, काढला होता, पुन्हा लावला होता, आणि कितीदा त्यावरून बोलणीही खाल्ली होती.

"जीव," तो म्हणाला.



मास्तरांनी दोरा उचलला, तारेखाली घातला, पुढे-मागे सरकवत त्याची जागा शोधली. सापडली तसा तंबोरा भिंतीला टेकवून ठेवला.

"आता जुनं वाजव."

"त्यात फार खरखर आहे."

"वाजव की."

अकलंकने पिवळा कीबोर्ड स्वतःकडे ओढला. मधली पट्टी दाबली.

आधी एक भसभस उठली. वाळू चाळणीतून ओतावी तशी. तिच्यात बाईचा आवाज होता. जवळचा, घाईतला, थोडा वैतागलेला. हात भरलेत... आणि मग पार तळाशी, खरंच ऐकू आलं की ऐकायचं होतं म्हणून ऐकू आलं, असा प्रश्न पडावा इतकं पुसट...

रे.

अकलंकने पट्टी सोडली नाही. ती त्याने धरूनच ठेवली. आवाज केव्हाच संपला होता.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

भसभस. हात भरलेत. रे.

"ही भसभस कशाची?"

"मशीनची. आठ बिटची. सांगितलं ना, पायऱ्या उंच..."

"खालची पट्टी दाब. जाड आवाजाची."

अकलंकने डावीकडची पट्टी दाबली. आई सावकाश, पुरुषी आवाजात बोलली. भसभसही सावकाश झाली. आता ती सलग राहिली नव्हती. भस्स... भक्... भस्स... भक्. मधे अडखळत होती, धाप टाकत होती.

मास्तरांनी डोळे मिटूनच हात पुढे केला. अंगठा आणि तर्जनी जुळवली आणि हवेत टोचल्यासारखं केलं. एकदा, दोनदा. घरात पंपाचा स्टो असलेल्या प्रत्येकाने हे कधी ना कधी केलेलं आहे.

"पिन मारायला झालाय," ते म्हणाले.

अकलंकला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्याने पुन्हा तीच पट्टी दाबली.

तो स्टो होता. पितळी, तीन पायांचा, उजवीकडे पंप. एक पाय वाकडा म्हणून खाली फरशीचा तुकडा. बर्नरमध्ये काजळी धरली की असाच अडखळायचा, आणि भोक मोकळं करायला पिठाच्या हातांनी पिन कशी मारू म्हणून आई अकलंकला हाक मारायची. त्या दुपारी दीड सेकंदात तोही आत गेला होता. आणि अकलंकने तो धुऊन काढला होता. जपून, तीन रात्री बसून, जगातली सगळ्यात चांगली यंत्रं लावून.

त्याहून वाईट गोष्ट त्याला नंतर आठवली.

रेकॉर्डिंगच्या धंद्यात एक रीत आहे. चोवीस बिटचा आवाज कमी बिटांत उतरवताना शेवटी मुद्दाम चिमूटभर खरखर मिसळतात. कारण अगदी हळू आवाज शेवटच्या पायरीला पोचत नाही. खरखर असली की तिच्या उड्यांबरोबर तोही मधूनमधून पायरीवर येतो, आणि कान तेवढ्यावरून त्याला ओळखतो. खरखर काढा, तो गेला. अकलंकला हे माहीत होतं. दर आठवड्याला तो स्वतः मिसळत असे. शिकाऊ मुलांना फळ्यावर काढून दाखवत असे.

आईच्या स्वयंपाकघरात ते काम स्टोने केलं होतं. कुणी न सांगता.

"मास्तर," तो म्हणाला. "तो 'रे' तिच्या जोरावर नव्हता आलेला."

मास्तर दुसऱ्या एका घोडीकडे वळले होते. त्यांनी कानस उचलली होती.

गल्लीतून हातगाडी गेली. कुणीतरी कुणाला दोन केळी जास्त मागितली. बाजूच्या दुकानात भोपळा कापत होते.

अकलंकने मोबाइल काढून ताईला फोन लावला. ती उचलेपर्यंत थांबला.

"ताई, ती आई नव्हतीच," एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला.

मग त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला. पिवळ्या कीबोर्डच्या झाकणाचा उरलेला चौथा स्क्रू थोडा सैल झाला होता. तो त्याने घट्ट पिळला. बाकीचे तीन खिशात कागदाच्या पुडीत होते. तेही एकेक करून बसवले. भिंतीवरचा प्लग शोधून वायर लावली. बटणाजवळचा लाल दिवा लागला. हे सगळं करताना त्याचे हात कापत होते. अप्पांचे का कापत, ते त्याला पस्तीस वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

नव्या कीबोर्डातला स्वच्छ आवाज त्याने पुसून टाकला. विचारलं नाही, सांगितलं नाही, पुसला.

"परत घेतो," तो म्हणाला. "आजच. आहे तसा."

मास्तर घोडी घासत होते.

अकलंकने दोन्ही कीबोर्डमध्ये वायर जोडली. बोट पट्टीवर नेलं. आणि तिथेच थांबलं. इतक्या वर्षांची सवय अशी एका दुपारीत जात नाही. काम नेटकं हवं, असं त्याला आतून कुणीतरी सांगत होतं.

"मास्तर..."

"हं?"

"सगळी नाही काढत. पण थोडी तरी कमी करू का ती भसभस? निम्मी? 'रे' राहील, मी बघतो ना. ऐकणाऱ्याला जरा बरं वाटेल."

कानस थांबली.

मास्तरांनी फुंकर मारून घोडीवरची भुकटी उडवली. पिवळ्या कीबोर्डच्या लाल दिव्याकडे पाहिलं. मग अकलंककडे पाहिलं, सात वर्षांच्या पोराकडे बघावं तसं.

"स्टो राहू दे चालू," ते म्हणाले. "तिचे हात भरलेत."